घरमालकाची सही

“तुम्ही आला नसतात तरी चाललं असतं, ताई. यात बायको लागत नाही.”

काउंटरमागची मुलगी हे अगदी गोड आवाजात म्हणाली, आणि तो गोडवाच मला झोंबला. खेकसली असती तर मी उलटून बोलले असते. या इमिग्रेशन ऑफिसात खेकसणं ऐकून घ्यायची मला नऊ वर्षांची सवय आहे, गोडव्याची नाही. मांडीवर जाडजूड निळी फाइल होती आणि तिच्यावर माझे दोन्ही हात. फाइलमध्ये काय नव्हतं? तालुका कचेरीतून परवाच रांगेत उभं राहून काढलेला, लग्न अजून टिकून असल्याचा दाखला. घराच्या नोंदवहीची नक्कल. माझ्या ओळखपत्राची नक्कल. खोन केनच्या मोठ्या रस्त्यापासून आमच्या गल्लीपर्यंतचा मी स्वतः पट्टीने काढलेला नकाशा, त्यावर देवळाला एक फुली, सोमचितमावशीच्या शिवणाच्या दुकानाला एक फुली. आणि आठ रंगीत फोटो. शिवाय मागच्या बाकावर खुद्द सोमचितमावशी, आमची शेजारीण आणि दरवर्षीची साक्षीदार, दुकान बंद ठेवून, केस सेट करून, ठेवणीतलं रेशमी नेसून बसलेली. मी तोर्बेनकडे पाहिलं. माझा नवरा काचेवर चिकटवलेली सरकारी सुट्ट्यांची यादी लक्ष देऊन वाचत होता. तोर्बेनला थाई वाचता येत नाही.

“यात म्हणजे कशात?” मी विचारलं. “निवृत्त परदेशी म्हणून इथे राहायच्या परवान्याच्या अर्जात,” ती म्हणाली. “साहेबांनी या वेळी निवृत्तीचा भरलाय ना. वय पन्नासच्या वर, बँकेत रक्कम, राहण्याचा पत्ता, झालं काम. दुपारपर्यंत शिक्का. लग्नाच्या अर्जाचं माहितीये ना तुम्हाला, महिनाभर विचाराधीन ठेवतात, मग नेमल्या तारखेला स्वतः हजर राहायचं. साहेब सारखे फिरतीवर. त्यांना हाच बरा.” मग तिने काचेखालच्या फटीतून एक कागद माझ्याकडे सरकवला आणि पेनाच्या टोकाने जागा दाखवली. “तुमची फक्त इथे एक सही. घरमालक म्हणून.”

घरमालक. म्हणजे मी आता भाड्याने खोल्या देणारी बाई झाले, आणि हा माझ्याकडे उतरलेला परदेशी गृहस्थ. कागदावर खोटं काहीच नव्हतं, हीच तर चीड. परदेशी माणसाला आमच्याकडे जमीन घेता येत नाही, जागा माझ्या वडलांची, घर माझ्या नावावर. पण त्या घराच्या फरश्या तोर्बेनने गुडघ्यांवर बसून एकट्याने घातल्या होत्या, दर फरशीला पाण्याची बाटली आडवी ठेवून उतार बघत. आणि आई खाटेवरून ओरडत होती की जावयाला कुणीतरी जेवायला उठवा. कोणता भाडेकरू हे करतो? आणि निवृत्ती कसली? हा माणूस अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि वर्षातले सात महिने साखर कारखान्यांच्या टर्बाइनखाली झोपलेला असतो. कधी व्हिएतनाम, कधी जावा, कधी फिलिपीन्समधलं नेग्रोस. गळिताच्या हंगामात कुठे टर्बाइन बंद पडलं की रात्री फोन येतो आणि सकाळी हा नसतो. आत्तासुद्धा गाडीत त्याची हत्यारांची पेटी होती, उद्याचं विमान होतं. एवढी धावपळ करणारा निवृत्त माणूस सरकारला चालतो. आणि नऊ वर्षांची लग्नाची बायको घरमालक म्हणूनही चालते. सगळंच चालतं. मला इतका संताप आला की पेन उचललेला हात तसाच टेबलावर राहिला.

सही करायला मी का थांबले ते त्या मुलीला कळेना. तिच्या चेहऱ्यावर मला तो प्रश्न दिसायला लागला, जो मला बाजारात, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे दिसतो. कुठल्या दारूच्या गुत्त्यात भेटली असेल ही याला? आमच्या भागातल्या बाईने गोरा नवरा केला की लोकांची गोष्ट तयारच असते. पैशासाठी केला, घरासाठी केला, माहेर पोसायला केला. एकदा बँकेतल्या बाईने मला विचारलं होतं, “ताई, तुमचा परदेशी महिन्याला किती देतो हो?” ‘तुमचा परदेशी’. मी तिला म्हटलं होतं, मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, माझा पगार तुमच्यापेक्षा जास्त आहे, हवं तर पासबुक बघा, तुमच्याच बँकेत आहे. तोर्बेन मला पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्या अंगावर पांढरा कोट होता आणि हातात उसाच्या रसाचे नमुने. नामफोंगच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळायची. ऐन हंगामात टर्बाइन बंद पडलं, ट्रकांची रांग गावाबाहेर गेली, आणि कंपनीने डेन्मार्कहून हा माणूस मागवला. तिसऱ्या दिवशी तो तेलाने माखलेला माझ्या प्रयोगशाळेत शिरला आणि तपासणीसाठी ठेवलेला रस, नंबराची चिठ्ठी लावलेला, घटाघटा प्यायला. मी ओरडले. त्याला वाटलं मी दुसरा ग्लास हवा का म्हणून विचारतेय. पुढे तो आमची भाषा शिकला तीही फिटर लोकांकडून, त्यांच्या गावरान बोलीत, त्यामुळे हा सहा फुटी गोरा माणूस बोलायला लागला की शहरातले लोक तोंडावर हात ठेवून हसतात. मला लाज नाही वाटली कधी. आज पहिल्यांदा वाटत होती, आणि तीही त्याची नव्हे. केस सेट करून आलेल्या मावशीसमोर माझी स्वतःचीच लाज वाटत होती.

कारण हे फोटो. दर वर्षी अर्जाच्या आधीच्या रविवारी फोटो काढायचे असतात. दारासमोर, घराचा नंबर दिसेल असे दोघं. बैठकीत दोघं. स्वयंपाकघरात दोघं. आणि पलंगावर बसून दोघं, कारण एका वर्षी एका अधिकाऱ्याने सांगितलं होतं की झोपायच्या खोलीतला नसेल तर लग्न खरं कशावरून. त्या वर्षी मी घरी येऊन भांडी आपटली होती. सरकारला माझा पलंग कशाला बघायचाय? माझ्या पलंगावरची चादर फुलांची आहे की रेघांची, त्यावर देशाचं काय अडलंय? पण सोमचितमावशीला त्यात भारी मजा यायची. ती मोबाइल धरून हुकूम सोडायची, “जवळ सरका की! नवराबायको आहात, बसस्टँडवर बसल्यासारखे काय बसलाय?” आई दाराआडून म्हणायची, “माझी मच्छरदाणी फोटोत येऊ देऊ नका गं.” आणि तोर्बेन एक हात माझ्या खांद्यावर ठेवून सरळ समोर बघायचा, जसा मशीनच्या चाचणीला उभा राहतो तसा. नऊ वर्षांत आमचे दोघांचे एकत्र असे जे काही फोटो आहेत, ते हेच. बाकीच्या वेळी एकतर तो नसायचा, नाहीतर मी फोटो काढणारी असायचे. माझं वय कसं वाढलं, त्याची दाढी कधी पांढरी झाली, भिंतीचा रंग कधी बदलला, हे सगळं इमिग्रेशनच्या फाइलींमध्ये आहे, आणि हे लोक ते सात वर्षांनी रद्दीत काढतात म्हणे.

दोन वर्षांपूर्वीचे फोटो मात्र मी स्वतःकडेही ठेवले नाहीत. डाव्या छातीतली गाठ काढून चार महिने झाले होते, औषधांनी केस गेलेले, डोक्याला रुमाल. पलंगावरच्या फोटोत मी उशी मांडीवर घेऊन बसले होते आणि मावशी पहिल्यांदाच काही बोलली नव्हती. काउंटरवर त्या वेळी एक पुरुष अधिकारी होता. त्याने ओळखपत्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, “फोटोत केस आहेत.” मी रुमाल सोडला. सगळ्या रांगेसमोर. तो बिचारा खाली बघून भराभरा शिक्के मारायला लागला. आणि मला, खरं सांगायचं तर, त्या क्षणी आनंद झाला होता. त्या वर्षभरात सगळे माझं सगळं करत होते. आई भात भरवत होती, तोर्बेन नळ्या लावत होता, कारखान्याने बिनपगारी का होईना पण रजा दिली होती. मी कुणाच्याही उपयोगाची नव्हते. फक्त या ठिकाणी, या काचेसमोर, मी अंगाने हजर असल्याशिवाय एका माणसाला या देशात राहता येत नव्हतं. मी आहे म्हणून तो आहे, असं सरकारने लेखी दिलं होतं. डॉक्टरांनी पाच वर्षं लक्ष ठेवू म्हटलंय. दोन झालीत. या दोन वर्षांत मी दर नोव्हेंबरची वाट बघायला लागले, कुणी सणाची बघतं तशी, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं कारण ऐकायलाच वेडगळ वाटलं असतं.

“मागल्या येळी किती पंचाईत झाली, इसरलीस?” तोर्बेन शेवटी बोलला, हळू आवाजात. “तारखेला हजर ऱ्हायचं म्हनून म्या जावावरनं अर्धं काम टाकून आलो. कंपनी म्हनली, पुन्यांदा असं नगं.” हे खरं होतं. मी मान डोलावली. फिरतीच्या माणसाला महिन्याने अमक्या दिवशीच या म्हणणं हा छळच आहे, हे मलाही कळतं. मी चिडले होते ते त्याने न विचारता केलं म्हणून. तेवढ्यावर कदाचित मी गिळून टाकलंही असतं, सही केली असती, गाडीत बसून तासभर बोलले नसते आणि संध्याकाळी त्याच्या बॅगेत सुकवलेलं मांस आणि चिकट भाताचा डबा नेहमीसारखा ठेवला असता. पण त्या मुलीला माझी दया आली. दया आली की माणसं नको ते बोलतात.

“ताई, साहेबांनी तुमचाच विचार करून केलंय हो,” ती म्हणाली. “गेल्या महिन्यात एकटे आले होते ना, तेव्हा मीच होते. विचारत होते, बायको वारली तर लग्नाच्या परवान्यावर किती दिवस राहता येतं. मी सांगितलं, नाही राहता येत, कारणच संपतं ना. निवृत्तीचा असला म्हणजे काही फरक पडत नाही. तेव्हा त्यांनी लगेच ठरवलं.”

मी पेन खाली ठेवलं. अगदी सावकाश, घरंगळू नये म्हणून आडवं. मग फाइल उचलून मी बाहेर व्हरांड्यात गेले, जिथे झेरॉक्सचं दुकान आहे आणि मशीनच्या उष्ण वाऱ्यात माणसं हातात कागद घेऊन ताटकळत असतात. तोर्बेन मागोमाग आला. सोमचितमावशीही आली, पण चार पावलांवर थांबली, आणि पर्समधून पंखा काढून वारा घेत दुसरीकडे बघत राहिली, म्हणजे सगळं ऐकू येईल अशी.

“म्हणजे मी मेले तर तू काय करायचं, ते तू या पोरीला विचारलंस,” मी म्हटलं. “मला नाही.”

“तुला कसं इचारनार?”

“तोंडाने! रस पिताना विचारलं नव्हतंस, निदान हे तरी विचारायचंस!”

तो भिंतीला टेकला. त्याची नखं नेहमीसारखी काळी होती. “तुजी आय ब्याऐंशीची हाय,” तो म्हणाला. “तिला दवाखान्यात कोन नेल? तिच्या पायाची नखं कोन काडल? तू गेलीस तर मला सामान बांदून जा म्हनत्याल. तिला एकलीला टाकून? म्या हिशेब केला. दुसरं काय बी न्हाय.”

हे ऐकून माझं मन विरघळायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या बाईचं विरघळलं असतं. परक्या देशातला माणूस, माझ्या म्हाताऱ्या आईची नखं काढता यावीत म्हणून निवृत्त व्हायला निघाला होता. आणि मला मात्र राग येत होता. त्याने आईचा विचार केला होता, घराचा केला होता, स्वतःच्या शिक्क्याचा केला होता. त्या सगळ्या विचारात एकच माणूस आधीच वजा झालेला होता. कंपनीत जसं जुनं मशीन कधी मोडीत काढायचं ते आधीच लिहून ठेवतात, तसं त्याने मला लिहून ठेवलं होतं. आणि हे ठरवून झाल्यावर तो महिनाभर माझ्याशेजारी झोपला होता. मी सकाळी त्याच्या कॉफीत साखर घालत होते, तो म्हणत होता, कमी घाल. रविवारी फोटोला तो पलंगावर माझ्याजवळ बसला होता, खांद्यावर हात ठेवून, आणि त्याला माहीत होतं की हे फोटो लागणार नाहीत. ते मला फार लागलं. बाकी सगळं माफ केलं असतं, तो हात नाही.

“रविवारी का बसलास मग?” मी विचारलं. “फोटोला?”

मशीन कागद ओकत राहिलं. मग तो म्हणाला, “तू लाल झंपर घातलावता. तुला सांगाया जीभ उचलंना.”

“मावशी,” मी वळून म्हटलं, “ऐकलंत ना?”

“मी कुठे ऐकतेय,” मावशी म्हणाली. “पण मी म्हणते, माणूस जिवंत असताना त्याचे दिवस घालतात का कुणी? आणि मी केस कशाला सेट केले सकाळी सहाला उठून?”

मला माहीत होतं की बरोबर तोच आहे. हे मी इथे स्पष्टच लिहिते, नंतर कुणी म्हणू नये की हिला कळलं नाही. शहाणपण त्याच्याकडे होतं. माझी गाठीची पुढची तपासणी चार डिसेंबरला होती आणि तिच्यात काय निघेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी हट्ट केला तर उद्याच्या कामावरून त्याला मध्येच परत यावं लागणार होतं, कंपनी कदाचित दुसरा माणूस बघणार होती. आणि मी खरंच गेले तर आईला एकटं टाकणारी मीच ठरणार होते. हे सगळं मला त्या व्हरांड्यात लख्ख दिसत होतं. तरीही माझ्या मनात एवढंच येत होतं की आज जर मी तिथे घरमालक म्हणून सही केली, तर पुढच्या नोव्हेंबरला मी असले काय आणि नसले काय, या जगातलं एकही काम अडणार नाही. आणि ते मला सहन होत नव्हतं. कुठेतरी काहीतरी माझ्यावाचून अडलं पाहिजे. इतकं मागणं जास्त आहे का? असेल. माझं आहे.

मी परत आत गेले. आमच्या टोकनचा नंबर उलटून गेला होता, पण मी सरळ त्याच काउंटरवर गेले. पुढच्या खुर्चीत एक जपानी गृहस्थ बसत होते, त्यांना “दोनच मिनिटं, दादा” म्हणून हाताने थांबवलं. निवृत्तीचा कागद तसाच पडला होता. तो मी फटीतून परत आत सरकवला.

“घरमालकाची सही मिळणार नाही,” मी म्हटलं.

मुलगी गोंधळली. “अहो ताई, मग पत्त्याचं काय? सहीशिवाय अर्ज घेता येत नाही मला.”

“नका घेऊ. माझ्या घरात मी भाडेकरू ठेवत नाही. नवरा ठेवते. तो अर्ज असेल तर द्या, त्याचे सगळे कागद आहेत माझ्याकडे.” आणि मी निळी फाइल उघडून एकेक कागद समोर मांडायला लागले, दाखला, नोंदवही, नकाशा, फोटो. घाईत फोटो तिरके पडत होते. मागून मावशी मोठ्याने म्हणाली, “साक्षीला मी आहे. सोमचित. घर नंबर पन्नास.”

“मला साहेबांनी सांगायला हवं,” मुलगी म्हणाली. तिचा गोडवा आता संपला होता आणि मला जरा बरं वाटलं. “अर्ज त्यांचा आहे. साहेब, कोणता करायचा?”

तोर्बेन माझ्यामागे उभा होता. मी वळले नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता, नाकातून, जोरात, तो चिडतो तेव्हा घेतो तसा. “तू मला अडकवतीयास, केसॉर्न,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हटलं.

“तुज्या आईला बी.”

“हो. तिलाही.”

जपानी गृहस्थ आपल्या बुटांकडे बघत होते. मग तोर्बेनने हात लांब करून निवृत्तीचा कागद घेतला, त्याची चार घड्यांची बारीक चौकट केली, आणि शर्टाच्या खिशात ठेवली. फाडला नाही. ते माझ्या लक्षात आलं. “लग्नाचा करा,” तो मुलीला म्हणाला, आणि नंतर भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी फोन लावला, आणि त्याच्या भाषेत तुटक तुटक, अपराधी आवाजात बोलत राहिला. कंपनीला असणार.

मुलीने कागद लावले, प्रत्येक फोटोमागे नाव लिहून घेतलं, पलंगावरचा फोटो जरा जास्त वेळ पाहिला आणि टाचणी मारली. मावशीची सही घेतली. मावशीने आपलं पूर्ण नाव इतक्या सावकाश लिहिलं की रांगेतल्या कुणीतरी च्यक केलं. शेवटी मुलीने तारखेचा शिक्का फिरवला, पासपोर्टवर दाबला, आणि माझ्याकडे पाहिलं. आता तिच्या नजरेत तो गुत्त्याचा प्रश्न नव्हता. काय होतं ते मला सांगता येणार नाही.

“बारा डिसेंबर,” ती म्हणाली. “सकाळी साडेआठ. दोघांनीही यायचं. नाही आलात तर अर्ज रद्द होतो, मग मला काही करता येणार नाही. नीट विचार करून सांगा ताई, नक्की हजर राहणार?”

चार तारखेच्या तपासणीनंतर आठ दिवस. तोर्बेनने फोन खाली केला. त्यानेही तेच मोजलं होतं, त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याचा चेहरा सगळा घाबरलेला होता आणि तो माझ्याकडे असा बघत होता की उत्तर मीच द्यायचं होतं, आणि मलाही तितकीच भीती वाटत होती.

“हजर राहणार,” मी म्हणाले. आवाज फार मोठा निघाला. शेजारच्या काउंटरवरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली.